दारू सुटून अकरा आठवडे झाले, आता भाऊ पळायला लागलाय. काय जपावं?

पांझराकाठ

राम राम. धाकट्या भावासाठी विचारतेय. वय ३६, वजन ६२ किलो, शिरपूर तालुक्यात केळी-कापसाची शेती. बारा-तेरा वर्षं रोजची दारू होती. दवाखान्यात दाखल करून सोडवली, त्याला अकरा आठवडे झाले. सकाळी डायसल्फिरमची गोळी घेतो (ती चालू असताना दारू प्यायली तर त्रास होतो), सोबत जीवनसत्त्व बी-१ ची. दोन्ही स्वतःच्या मर्जीने.

महिन्याभरापासून डोक्यात पळणं शिरलंय. पहिल्या दिवसापासून रोज ८ किलोमीटर, तेही कापडी बुटात, डांबरी रस्त्यावर. आता नडगी दुखते, झोप चार-पाच तासच लागते, पण थांबायला तयार नाही. जानेवारीत २१ किलोमीटरची शर्यत पळायची म्हणतो. काका म्हणतात, हे पळणंबिळणं सोड, माळ घाल आणि वारीला जा.

मला नेमकं हवंय ते एवढं: कोणत्या तपासण्या कराव्यात? डायसल्फिरम चालू असताना पळण्यात काही धोका आहे का? सकाळी पळावं की संध्याकाळी? तलफ त्याला संध्याकाळी सात-साडेसातला येते. आणि उद्या पाय दुखावून पळणं बंद पडलं तर पुन्हा दारूकडे वळेल का? श्रावण तोंडावर आलाय, कानबाईचा सण, पोळा, मग भरीत पार्ट्या. म्हणून आत्ताच विचारतेय.

तापीपूर्णा

ताई, पळणं बंद करा असं म्हणत नाही. पण ८ किलोमीटर आजपासून थांबवून चालण्यावर आणा आणि याच आठवड्यात तपासण्या उरका.

दारू म्हटलं की लोक यकृत तपासतात. पळणाऱ्याच्या बाबतीत आधी हृदय बघायचं. बरीच वर्षं रोज दारू घेतल्याने हृदयाचा स्नायू पातळ आणि सैल होऊ शकतो, ठोके अनियमित होऊ शकतात. बसल्या जागी हे जाणवत नाही, दम लागेपर्यंत पळाल्यावर उघडं पडतं. ईसीजी करायचाच. धडधड, जिना चढताना दम, पायावर सूज किंवा कधी चक्कर येऊन पडल्याचा इतिहास असेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय पळायचं नाही. रक्तात हिमोग्राम प्लेटलेटसह, यकृताच्या तपासण्या, क्रिएटिनिन, साखर, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि बी-१२. पोटॅशियम-मॅग्नेशियम मुद्दाम मागून घ्या, नेहमीच्या पॅकेजमध्ये मॅग्नेशियम बहुधा नसतं. दारूने ही दोन्ही खालावतात, घामाने आणखी, आणि मग गोळे येतात, ठोका चुकतो.

एक तपासणी घरीच होते. त्याला डोळे मिटायला सांगा, तळव्यावर वेगवेगळ्या जागी कापसाचा बोळा टेकवा आणि "कुठे लागलं?" विचारा. अंगठा आणि चवड्यावर कळत नसेल तर नसा अधू झाल्यात. अशा पायाला फोड आला, खडा रुतला तरी समजत नाही. पळणं कायमचं बंद असं नाही, पण पळून आल्यावर दोन्ही तळवे उजेडात बघायचे आणि डॉक्टरांना सांगायचं. डायसल्फिरमनेही नसांना आणि यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून ही माहिती त्यांना लागते.

डायसल्फिरम आणि घाम यांचं वैर नाही. धोका आहे तो नकळत पोटात किंवा अंगावर जाणाऱ्या अल्कोहोलचा. खोकल्याची काही औषधं, माउथवॉश, हात साफ करायचं सॅनिटायझर, दुखऱ्या स्नायूवर मारायचे काही स्प्रे. आपल्याकडे हमखास विसरतात ती आसवं-अरिष्टं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं. "आयुर्वेदिक आहे, ताकद येईल" म्हणून कुणी दिलं तर चेहरा लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली असं सगळं होऊ शकतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. पावसाळ्यात जुलाबावर मेट्रोनिडाझोल सर्रास दिलं जातं. डायसल्फिरमबरोबर ते चालत नाही, भ्रम होऊ शकतो. मेडिकलवाल्याला आधी सांगायचं.

तो मर्जीने गोळी घेतो हे फार चांगलं आहे. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो: भाजीत, चहात चोरून ही गोळी कुणालाही देऊ नका. पाकिटावर काहीच न लिहिलेली "दारू सोडवायची पावडर" तर अजिबात नको. समोरच्याला माहीत नसतं, तो पितो आणि रक्तदाब कोसळून दगावू शकतो.

हात थरथरतात म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिलं असेल तर नाडीचे आकडे फसवे येतील, ती गोळी ठोके दाबून ठेवते. दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन पळायचं नाही. आधीच दुखावलेलं जठर आणि घामाने सुकलेलं मूत्रपिंड, दोन्हींवर घाव. पॅरासिटामॉलचाही रोजचा डोस यकृत बघून डॉक्टरांनीच ठरवायचा.

नडगीचं असं बघा: हाडाच्या आतल्या कडेने चार बोटांहून लांब पट्टा दुखत असेल तर बहुधा सूज आहे, दोन-तीन आठवडे पळणं थांबवून चालण्याने बसते. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढी जागा दाबली की कळ येत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारताच दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेत दिसत नाही. "एक्स-रे चांगला आलाय" म्हणून लगेच पळायला सोडू नका. दारूने हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे ही शंका यांच्या बाबतीत आधी घ्यायची.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धुळ्याला एकाच फेरीत हृदय आणि मानसोपचार दोन्ही दाखवून घेता येईल.

गिरणा_पहाट

वरच्या तपासण्या नीट आल्या असं धरून पळण्याचं सांगतो.

नडगी शांत होईपर्यंत आणि पुढे एकूण तीन आठवडे आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं झपझप चालणं. चौथ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत चार दिवस: १ मिनिट हळू पळणं, २ मिनिटं चालणं, असं दहा वेळा. मग २ मिनिटं पळणं, १ चालणं. मग ४ ला १. बाराव्या-तेराव्या आठवड्यात सलग ३० मिनिटं पळता यायला हवं. कोणत्याही टप्प्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं शिल्लक असेल तर तोच आठवडा पुन्हा करायचा. दम आणि हृदय पाच-सहा आठवड्यांत सुधारतं, हाडं-स्नायुबंधांना महिने लागतात. त्याला वाटतंय की आपण १० किलोमीटर पळू शकतो, आणि दमाच्या हिशेबाने ते खरंही असेल. नडगीचा हिशेब वेगळा आहे.

वेग किती? पळता पळता दहा-बारा शब्दांचं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. तोडत बोलावं लागलं तर वेग जास्त. नाडीने बघायचं तर २२० वजा ३६ म्हणजे १८४, त्याचे ६० ते ७० टक्के म्हणजे मिनिटाला ११० ते १२९. थांबून मनगटावर १५ सेकंद मोजायचे, गुणिले चार. अंगातली रग जिरवायला रोज जीव खाऊन पळण्याची ओढ असते, पण रोजच्या जोरकस पळण्याने झोप आणखी उडते. दारू सुटल्यावर झोपेची घडी बसायला तसेही काही महिने लागतात.

शेतातलं काम मोजा. दिवसभर केळीचे घड वाहिले, निंदणी-कोळपणी केली तर त्या दिवशीचा व्यायाम झाला. फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पळणं नको. त्यात मळमळ, घाम, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होणं दिसलं तर ते पळण्याचं थकणं नव्हे, फवारणीच्या औषधाची बाधा आहे, सरळ दवाखाना.

आठवड्यातून दोनदा घरीच पंधरा मिनिटं: खाटेच्या कडेवरून हात न टेकता उठबस १२ वेळा, पायरीवर चवडे ठेवून टाचा वर-खाली १५ वेळा, उताणं झोपून कंबर उचलणं १२ वेळा. तिन्हीचे तीन फेरे. नडगी पुन्हा दुखू नये यात बुटांपेक्षा या टाचा उचलण्याचा वाटा मोठा.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल थोडं फुगलेलं असतं. अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. महाग म्हणजे चांगला असं नाही, दुकानातच चार पावलं पळून कुठे चावत नाही ना बघायचं. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला तळ बसतो. पावसात काळी माती तळाला चिकटून एकेका बुटाला पाव-अर्धा किलोचं लोढणं होतं आणि घोटा मुरगळतो. तेव्हा पाटाच्या कडेचा मुरुमाचा रस्ता किंवा शाळेचं मैदान बरं. मुंबई-आग्रा महामार्गावर पळूच नये. गावच्या रस्त्यावर पळायचंच तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने, अंगात फिकट रंग.

खाणं. पळण्याआधी अर्धा तास एक केळ, त्यात साधारण २३-२५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात, ४० मिनिटांच्या पळण्याला पुरेशी. आल्यावर तासाभरात पोटभर जेवण: कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, दही. झिजलेला स्नायू भरून यायला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे त्याला रोज ७५ ते १०० ग्रॅम. १०० ग्रॅम कच्ची डाळ २२-२३, दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध १६, मूठभर शेंगदाणे ७, दोनशे ग्रॅम ज्वारीचं पीठ २०. झाले की. डब्यातल्या पावडरीची गरज नाही. (यकृताचा आजार पुढे गेलेला निघाला तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या.) श्रावणी सोमवारी निरंकार उपास असेल तर फक्त चालणं.

पाण्याचं मोजून करा. पळण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन, तासभराने घाम पुसून पुन्हा वजन. समजा ६२.० होतं, ६१.२ भरलं आणि मधे ४०० मिली प्यायला, तर घाम गेला १.२ लिटर. दर तासाला ४०० ते ६०० मिली पुष्कळ, बाकीचं घरी येऊन. वजन वाढलं तर पाणी जास्त झालं, आणि नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं मीठ उतरणं हेही जिवावर बेतू शकतं. तासापेक्षा जास्त पळायचं असेल तेव्हा ओआरएस. पाकिटावर १ लिटर लिहिलं असेल तर पूर्ण एक लिटरच, अर्ध्या पाकिटाला अंदाजे पाणी नको. घरी करायचं तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा ५ मिलीचा.

जानेवारीत २१ नको. १० पळू द्या. तेवढं सहा महिन्यांत न दुखता जमतं. २१ पुढच्या थंडीत.

पांझराकाठ

खूप उपयोगी. नडगीचं बघितलं, पट्टा दुखतोय, एक जागा नाही. पण वेळेचं राहिलं. तलफ संध्याकाळची, मग पळणंही संध्याकाळीच ठेवू का?

केळीबाग

संध्याकाळीच ठेवा असं माझं मत. सात वाजता पायात बूट असले की त्या वेळेला दुसरं काही सुचत नाही.

मनाचा_बांध

केळीबाग, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर. ताई, मुख्य पळणं सकाळी ठेवा आणि संध्याकाळी ६.४५ ला २०-२५ मिनिटांचं साधं चालणं, सोबत कुणीतरी. सगळं पळणं संध्याकाळवर टाकलं तर पाऊस आला, पाहुणे आले, मोटार चालू करायला शेतात जावं लागलं की पळणंही गेलं आणि तलफेची वेळही मोकळी राहिली. शिवाय रात्री जोरात पळून अंग तापलं की झोप येत नाही, आणि रात्रीचं जागरण हे दुसऱ्या दिवशीच्या तलफेचं कारण.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगमध्ये चार गोष्टी सतत सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातल्या भूक आणि थकवा या दोन पळण्यातूनच येतात. म्हणजे पळणं तलफ कमी करतं, तसं ते चुकीच्या पद्धतीने केलं तर तलफ आणतंही. सकाळी ८ किलोमीटर, दुपारी घाईत अर्धी भाकरी, संध्याकाळी शेतातून परत. सात वाजता अंगाला जे हवंसं वाटतं ती निम्मी भूक असते. म्हणून साडेपाचला काहीतरी पोटात गेलंच पाहिजे: फुटाणे-गूळ, शेंगदाणे, दूध-केळ. हे एवढं महिनाभर करून बघा.

एक वही करा. रोज एक ओळ, जास्त नाही. अशी:

सोम – झोप ६ तास, सकाळची नाडी ७०, चाल ३० मि., तलफ नाही.
मंगळ – झोप ४॥, नाडी ८१, पळणं नाही, चाललो २०. तलफ ७.१०, दहापैकी ७, १८ मिनिटं टिकली. दुपारी जेवलो नव्हतो.
बुध – झोप ६, नाडी ७२, १-२ चे दहा फेरे. तलफ ७.३०, दहापैकी ४, १० मिनिटं. बंड्याचा फोन आला होता.

सकाळची नाडी अंथरुणातून उठण्याआधी मोजायची. नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त असेल तर त्या दिवशी पळायचं नाही. तीन-चार आठवड्यांत वहीत आपोआप दिसतं की तलफ कशाकशाच्या मागून येते. आणि त्याला स्वतःच्या अक्षरात वाचायला मिळतं की ती १५-२० मिनिटांत ओसरते, न पिता ओसरते. हे दुसऱ्याने शंभरदा सांगून पटत नाही.

पळण्याने मन खंबीर होतं म्हणतात. आपोआप होत नाही, सराव जोडावा लागतो. पळताना नको वाटायला लागलं की तीन गोष्टी करायच्या: "आता नको वाटतंय" असं मनात स्पष्ट म्हणायचं, श्वास चार पावलं आत चार पावलं बाहेर असा मोजायचा, आणि फक्त पुढच्या विजेच्या खांबापर्यंतचं ठरवायचं. तिथे पोचल्यावर पुढच्या खांबाचं. तेच तीन संध्याकाळी सात वाजता: "आता तलफ आलीय", श्वास, आणि पुढची दहा मिनिटं. दोन्हीकडे शब्दसुद्धा तेच ठेवायचे. पळताना साठ-सत्तर वेळा घोटलेलं असलं की ऐन वेळी आठवतं. दुखणं मात्र या युक्तीने दाबायचं नाही. कंटाळा, दम, जडपणा यांच्यासाठी आहे ती; नडगीच्या कळेसाठी थांबणं.

पळणं बंद पडलं तर काय, या प्रश्नाचं उत्तर आजच तयार ठेवायचं. दारूमुक्त दिवस आणि पळण्याचे दिवस यांची मोजदाद वेगवेगळ्या पानांवर. पळणं चुकलं म्हणजे घसरलो नाही. पाय दुखावला तर त्याच वेळेला सायकल, विहिरीत पोहणं, तेही नाही तर बसून हातांचे व्यायाम. वेळ आणि सोबतीचा माणूस तोच ठेवायचा. व्यायामाने मनाची उदासी आणि शरीराची ताकद नक्की सुधारते. दारू सुटून राहण्याचं काम मात्र एकट्या व्यायामावर टाकू नये: गोळी, समुपदेशन, मीटिंग, घर, सगळं लागतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, तिथेही उपचारानंतरच्या पाठपुराव्यावर भर असतो. अडचणीच्या रात्री फोन करायला व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत.

तुम्ही लिहिलंय की नडगी दुखत असूनही थांबायला तयार नाही. याकडे लक्ष द्या. दारूची जागा पळण्याने तशीच्या तशी घेतली की लक्षणंही तीच दिसतात: लपून जाणं, "आज एकच फेरी" म्हणून तीन मारणं, अडवलं की चिडणं. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांती हे आधीच ठरवून घ्या, आणि तो दिवस त्याने निवडावा.

घसरलाच तर: डायसल्फिरम चालू असताना किंवा बंद करून दोन आठवडे व्हायच्या आत प्यायला तर घरी वाट न बघता दवाखाना. गोळी बंद करून त्याहून जास्त दिवसांनी प्यायला असेल तर दुसऱ्या दिवशी "घाम काढून उतरवतो" म्हणून पळू द्यायचं नाही. दारू घामाने जात नाही, यकृताच्या गतीने जाते, आणि सुकलेल्या अंगाने पळाल्यावर ठोका बिघडतो. सलग काही दिवस प्यायला आणि एकदम थांबवली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, थरथर, भास. पूर्वी दाखल करून सोडवलेल्याला पुढच्या वेळी हे जास्त जोराने येऊ शकतं. पुन्हा दाखलच करायचं.

सातपुड्याची_वाट

तपासण्यांच्या यादीत एक राहिली. शिरपूर, शहादा, धडगाव, अक्कलकुवा या पट्ट्यातल्या, विशेषतः भिल्ल-पावरा घरांतल्या कुणालाही लांब पळायचं असेल तर सिकलसेलची (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात होते, २०२३ पासून तर त्यासाठी देशपातळीवर मोहीम चालू आहे. आजार नसून नुसता वाहक असेल तर तो एरवी धडधाकट असतो, पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना एकदम जीव तोडून पळाला तर स्नायू निकामी होऊन मूत्रपिंडावर येऊ शकतं. पायात साधा गोळा आला तर स्नायू दगडासारखा कडक होतो आणि माणूस कळवळतो. यात स्नायू हाताला मऊ लागतो, पायातली ताकदच जाते, माणूस खाली बसतो. तेव्हा "ऊठ, जोर लाव" म्हणायचं नाही, सावली आणि दवाखाना. वाहकाने पळू नये असं नाही. हळूहळू वाढवावं, शेवटच्या शंभर मीटरला शर्यत लावू नये, तापात पळू नये.

दुसरं वाटेचं. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडायला लागला की पाड्यांच्या वाटेवर भट्टीचा वास पहाटेपासून असतो. वासाने तलफ सेकंदात उठते. त्या दोन-तीन महिन्यांत वाट बदला. गावातली वाटही एकदा पायी फिरून बघा: देशी दारूचं दुकान, अंडाभुर्जीची गाडी, जुन्या मित्रांचा पार, यातलं काय लागतं? लागत असेल तर दोन किलोमीटरचा वळसा परवडला. खिशात पैसे नकोत, मोबाइलमध्ये पैसे पाठवायचं ॲपही त्या वेळेला नको.

केळीबाग

सकाळ-संध्याकाळचं पटलं. काकांच्या माळेबद्दल कुणी बोललं नाही. माळ घातली की दारू-मटण सुटतं हे आपल्याकडे पिढ्यांनी बघितलंय. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी महिनाभर चालते. त्यात सोबत असते, वेळापत्रक असतं, दारू नसते.

मनाचा_बांध

माळेला माझा विरोध अजिबात नाही. त्याच्या मनात असेल तर घालावी. दुसऱ्यांनी घातली तर दोन अडचणी. एक, घसरला तर लाजेने तो घरच्यांपासून, दिंडीपासून आणि डॉक्टरांपासूनही लपतो, आणि लपलेल्या दिवसांतच जास्त बिघडतं. म्हणून माळ घालताना गुरूंशी आधीच बोलून ठेवावं की चुकलं तर त्याला परत जवळ घ्याल. दोन, माळ घातली म्हणून गोळी बंद करतात. ती डॉक्टरांनीच बंद करायची.

आणि चालणं सोपं समजू नका. दिवसाला २० किलोमीटर, ओल्या मोज्यांनी, महिनाभर. आधी दोन महिने सवय हवी. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांनी तर रात्री आणि पहाटेच चालावं. वारी असो की शर्यत, संपल्यानंतरचे दहा-पंधरा दिवस सगळ्यात नाजूक: ध्येय संपलेलं, अंग थकलेलं, पळणं कमी, कौतुकाचे फोन थांबलेले. शर्यतीच्या दुसऱ्या दिवसापासूनचं पंधरा दिवसांचं काम शर्यतीच्या आधीच वहीत लिहून ठेवा: मीटिंग कोणत्या दिवशी, चालायला कोण येणार, शेतातलं कोणतं काम. शर्यतीनंतर ढाब्यावर बसणाऱ्या गटाबरोबर जायचं नाही, दुसऱ्या गाडीने यायचं.

कानबाईच्या रोटाला (प्रसादाच्या जेवणाला) घरचीच माणसं असतात, तिथे फारसं भय नाही. भरीत पार्टीला मात्र पहिल्या वर्षी नाहीच. भरीत घरी भाजा.

गिरणा_पहाट

उन्हाचं थोडं. ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा तापतं, तेव्हा साडेसहाच्या आत पळून घरी. मार्चपासून पाचला निघायचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ पर्यंत जातो, पहाटही गरम असते, तेव्हा वेळ निम्मी करा. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आठवडाभर गावाला जाऊन आला की ती उतरायला लागते.

उष्माघाताची खूण: बडबड, अडखळत चालणं, विचारलेल्याला भलतंच उत्तर, अंग तापलेलं. घाम असतोच कित्येकदा, "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हे खरं नाही. सावलीत झोपवून अंगभर गार पाणी ओतत वारा घालायचा, आधी गार करायचं आणि मगच गाडीत घालायचं, तोवर १०८ ला फोन. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी नाही.

तापीपूर्णा

यावरून एक महत्त्वाचं. उष्माघात झालेला किंवा साखर उतरलेला माणूस अगदी प्यायल्यासारखा दिसतो. गावात ज्याचं नाव दारूशी जोडलेलं आहे तो रस्त्यात अडखळून पडला तर लोक "पुन्हा लागली वाटतं" म्हणून बाजूने निघून जातात. तासभर तसाच पडून राहिला तर जीव जातो. म्हणून पळताना खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवायची. मोठ्या अक्षरात, मराठीत:

"मी पळायला निघालो आहे. मी दारू प्यायलेलो नाही. अंग गरम लागलं तर सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा. मला डायसल्फिरम चालू आहे, अल्कोहोल असलेलं औषध आणि मेट्रोनिडाझोल देऊ नका. बहिणीचा फोन:"

पांझराकाठ

चिठ्ठी आजच लिहिते, त्याच्याच अक्षरात लिहून घेते. गुरुवारी धुळ्याला ईसीजी आणि रक्त, सिकलसेलही सांगते. बूट येताना.